गिअर पडेना म्हणून गाडी दाखवली

"डाव्या पायाचा अंगठा वर करा," डॉक्टर म्हणाले.

मी केला. म्हणजे मला वाटलं, केला. मी टेबलावर उताणा पडून छताकडे बघत होतो आणि ते माझ्या पायाकडे बघत होते. "करा ना," ते पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "केला की!" मग त्यांनी मला हात देऊन उठवून बसवलं आणि माझाच पाय मला दाखवला. उजवा अंगठा सांगितल्यावर निमूट वर येत होता. डावा नुसता पडून होता. मी सगळा जोर लावला, दात आवळले, मान ताठ झाली. अंगठा जागचा हलला नाही.

"लेफ्ट फूट ड्रॉप," असं म्हणत त्यांनी कागदावर लिहिलं. मग माझा चेहरा पाहून समजावलं. फूट ड्रॉप म्हणजे पाऊल घोट्यातून वर उचलता न येणं. पण दोष पायाचा नाही, कमरेचा. कमरेच्या दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, ती सरकून मागे आली असणार आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर चढून बसली असणार. त्याला लंबर डिस्क प्रोलॅप्स म्हणतात. "पावलाची ताकद पाचपैकी दोन. अंगठ्याची शून्य." बावीस वर्षं मी पोरांना गुण देत आलो, मला कोणी शून्य देण्याची ही पहिलीच वेळ होती.

"हे कधीपासून आहे?"

"तीन आठवडे झाले असतील."

"तीन आठवडे काय करत होतात?"

मी पायमोजा चढवायला लागलो. शेजारी उभी असलेली माझी बायको वर्षा मात्र गप्प राहणाऱ्यांतली नाही. "गाडी दुरुस्त करून राहिले होते," ती म्हणाली.

हे सगळं लिहितोय ते माझ्यासारख्या अपडाऊनवाल्यांसाठी. इतरांनी वाचलं तरी हरकत नाही, पण सकाळी हेल्मेट घालून चाळीस-पन्नास किलोमीटरवर नोकरीला जाणाऱ्या आणि संध्याकाळी त्याच खड्ड्यांतून परत येणाऱ्या माणसांनी जरूर वाचावं. आमच्या अमरावतीत असं घर सापडणं कठीण, ज्यातलं कोणी अपडाऊन करत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घर अमरावतीत, शाळा वलगावच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे कळेल. जायला बेचाळीस किलोमीटर, यायला बेचाळीस. आठ वर्षं. मोटारसायकलवर माझ्या मागे वानखडे. तो माझ्याच शाळेत, माझ्याच वयाचा. एक आठवडा त्याने चालवायची, एक आठवडा मी, असं ठरलं होतं. पण तो खड्डा दिसल्यावर ब्रेक मारण्याऐवजी "अरे बाप" म्हणतो. दुसऱ्याच दिवशी मी हँडल काढून घेतलं आणि आठ वर्षं सोडलं नाही. तो मागे बसून डुलक्या घ्यायचा. त्याचं हेल्मेट माझ्या पाठीवर टक टक आपटायचं.

रस्त्याबद्दल काय बोलावं! आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं डांबर घेऊन खाली बसते. दरवर्षी नव्याने. मग सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. एक बाजू खणली, गिट्टी टाकली आणि मंडळी निघून गेली. दोन वर्षं त्या गिट्टीवरून आम्ही गेलो. कमर दुखायची, पण कमर कोणाची दुखत नाही? मी सीटवर स्पंज टाकला, कमरेला पट्टा बांधला. पुढे डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जायला लागली. सायटिका म्हणतात तिला. नस दबल्याची कळ असते ती. मी गोळ्या खायचो आणि गाडी काढायचो.

मग एक दिवस दुखणं थांबलं. एकदम. पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते मी. लक्षात ठेवा, इथेच मी फसलो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, "नस ओरडून ओरडून थकली की गप्प होते. दुखणं गेलं आणि ताकदही गेली, तर त्याच दिवशी या." मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर! सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, असं वर्षा म्हणते. तेही खरं आहे.

दुखणं गेल्यावर चार दिवसांनी गाडीचा गिअर पडेना. माझ्या गाडीचा पहिला गिअर खाली दाबायचा आणि बाकीचे पंजाने वर उचलायचे. पहिला पडायचा, दुसरा वर उचलायला गेलं की पाऊल दांड्याखालून निसटायचं. वलगावच्या चौकात मागे ट्रॅक्टर बोंबलतोय आणि मी पहिल्याच गिअरमध्ये गुरगुरतोय, असं रोज व्हायला लागलं. माझा संताप संताप झाला. एवढी वेळेवर ऑइल बदललेली गाडी, आणि हिने असं करावं?

सलीमभाई मिस्त्रीकडे नेली. त्याने क्लच प्लेट बदलली. तरी तेच. मी म्हटलं, दांडा वाकला असेल. त्याने दांडा बदलला. तरी तेच. मी त्याला बरंच बोललो. त्याच्या शेजारच्या दुकानात जाऊन त्याच्याबद्दलही बोललो. तिसऱ्या आठवड्यात तो गाडीवर बसला, रेल्वे फाटकापर्यंत चक्कर मारून आला, पाचही गिअर टाकून आला, आणि मग मला म्हणाला, "सर, अब आप चलाओ." मी चालवली. तो गाडीकडे बघत नव्हता, माझ्या बुटाकडे बघत होता.

"गाडी में कुच नई है सर," तो म्हणाला. "तुमारा पैर ऊपर नई आ रा. किसी को दिखाव."

मला इतका राग आला की मी त्याच्याकडे परत न जाण्याची शपथ घेतली. घरी जाऊन बूट काढला तर बुटाचं नाक पुढून घासून पांढरं झालेलं. फक्त डाव्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर टेबलावर होतो.

एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या नळीत आडवं घालून आतले फोटो काढतात. दुखत काही नाही, पण अर्धा तास कानाशी कोणी पत्रा ठोकत असल्यासारखा आवाज येतो आणि हलायचं नाही. मी आत पडून रस्त्याचं काम सोडून गेलेल्या ठेकेदाराचा विचार करत होतो.

त्यापेक्षा बाहेरच्या बाकड्यांवर बसणं कठीण. हाडांच्या डॉक्टरांकडे सकाळी नऊला नंबर लावला तर दुपारी एकला आत जाता येतं, आणि कमरेचा रोगी तेवढा वेळ कशावर बसतो? लोखंडी बाकड्यावर! मी भिंतीला टेकून उभा राहिलो. समोर ओळीने माणसं, निम्म्यांच्या मांडीवर हेल्मेट. एकमेकांना आजार कोणी विचारत नव्हतं.

"कोन्या रोडचे तुमी?" शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं.

"दर्यापूर रोड."

"आमी परतवाडा. आमचा बरा व्हता, यंदा खोदला."

एक तलाठीबाई, एक औषधं विकणारा, दोन शिक्षक, एक बँकेतले. कमरेत पट्टा घालून सगळे रस्त्यांच्या गोष्टी करत होते आणि नंबर आला की पटकन उठता येत नसल्याने शिव्या देत होते.

डॉक्टरांनी फिल्म पाहून ऑपरेशन सांगितलं. माझा मेहुणा अकोल्याला असतो. त्याचं म्हणणं, ऑपरेशनच्या आधी तिथल्या डॉक्टरांना दाखवू. कारच्या मागच्या सीटवर आडवा पडून गेलो. तिथले डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "अमरावतीवाले काय म्हणाले?" मी म्हटलं, ऑपरेशन. "मग इथं कशाला आलात? उद्या करून टाका. तुमचा एकेक दिवस चाललाय." परत तसाच आडवा पडून आलो.

ऑपरेशनचं नाव मायक्रोडिस्केक्टॉमी. पाठीवर दीड-दोन इंचांची चीर देतात आणि सूक्ष्मदर्शकातून बघत गादीचा सरकलेला तुकडा काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी मला उभं केलं, तिसऱ्या दिवशी चालवलं. कमर सुटल्यासारखी वाटली. पाऊल मात्र तसंच लोंबतं. डॉक्टर राऊंडला आले तेव्हा मी विचारलं, "पाऊल कधी येईल?"

"नसेवरचं ओझं काढलंय. नस आता आपल्या चालीने वाढणार, दिवसाला जेमतेम एक मिलीमीटर."

"पूर्ण येईल ना पण?"

"पहिल्याच आठवड्यात आला असतात तर मी हो म्हटलं असतं. तीन आठवडे तुम्ही गाडीला दिले. आता वाट बघू." मग वर्षाकडे वळून त्यांनी बजावलं. सहा महिने दुचाकीला हात लावायचा नाही. कुठल्याही गाडीत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसायचं नाही. लांब जायचंच असेल तर मागच्या सीटवर आडवं पडून. गादी पुन्हा सरकली तर हे पाऊल परत येणार नाही, आणि लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो.

मला त्या रात्री खूप भीती वाटली. सत्तेचाळीसाव्या वर्षी एक पाय ओढत चालणं एवढंच नव्हतं ते.

पावलासाठी एएफओ मिळाला. तळव्यापासून पोटरीपर्यंत येणारा प्लास्टिकचा साचा असतो, तो पाऊल काटकोनात धरून ठेवतो आणि चालताना पंजा जमिनीला अडकत नाही. तो बुटात घालावा लागतो, म्हणून डावा बूट एक नंबर मोठा. दुकानदार म्हणाला, दोन वेगवेगळ्या नंबरांचे बूट विकत नाही, दोन जोड घ्या. असल्या गोष्टींनी माणूस पार मेटाकुटीला येतो.

सहा आठवड्यांनी रजा संपत आली. सातवीच्या वर्गाला शिक्षक नव्हता, वानखडे दोन वर्ग सांभाळत होता. मी अर्ज केला: डॉक्टरांनी दुचाकी आणि लांबचा प्रवास मना केला आहे, तरी सहा महिने अमरावतीजवळच्या शाळेत काम करू द्यावं. सोबत सगळे रिपोर्ट जोडले. कार्यालयातल्या बाबूंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि माझी फाईल उघडली.

आता ते सांगतो, ज्यासाठी गावाचं नाव लपवलं. आम्ही शिक्षकांनी शाळेच्या गावातच राहावं असा नियम आहे. त्याला मुख्यालयी राहणं म्हणतात. राहत कोणी नाही. दरवर्षी ग्रामपंचायतीचा दाखला जोडायचा, घरमालकाचं संमतिपत्र जोडायचं, झालं. आमच्या शाळेत चार शिक्षक आणि चौघांच्या दाखल्याचा मसुदा माझा. मराठी शिकवतो ना मी! अक्षरही चांगलं.

"सर," बाबू म्हणाले, "तुमी तं श्रीमती कमलाबाईच्या घरी राह्यता. शाळेपासून अंतर दोनशे मीटर. हे तुमचंच अक्षर हाये न?"

"हो."

"मंग दोनशे मीटरले मोटारसायकल कायले लागते तुमाले? अन् मनगटाएवढा जाड रिपोर्ट कायचा जोडला?"

राहत नाही म्हणावं तर आठ वर्षांचे दाखले खोटे, आणि माझ्यासकट चौघांची चौकशी. राहतो म्हणावं तर अर्जाला अर्थ नाही. मी अर्ज परत घेतला. जिना उतरताना डावं पाऊल प्रत्येक पायरीवर आपटत होतं. एवढा चपखल मसुदा लिहिल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

घरी आल्यावर वर्षाला सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "जा न मंग. दोनशे मीटरवर राहाले जा."

एसटी आमच्या गावात जात नाही, फाट्यावर सोडते. त्यातही सव्वा तास बसायचं. तेव्हा मेहुण्याच्या कारमध्ये पुन्हा आडवा पडून, गादी, स्टोव्ह आणि दोन बॅगा घेऊन मी गावात उतरलो. कमलाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. दरवर्षी मी त्यांच्या दाराशी गाडी बंद न करता उभा राहायचो, सही घ्यायचो आणि जायचो. पाणी विचारलं तर "पुन्हा कधी" म्हणायचो.

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "तुमीच का चौधरी सर? हेल्मेटातच पायलं होतं आजलोक."

"खोली रिकामी आहे का, बाई?"

"तुमचीच हाये न! आठ वर्सं झाले. कांदे भरले तिच्यात, ते काढून घेतो." मग पायाकडे लक्ष गेलं. "अन् हे काय करून घेतलं?"

मला काय झालं कोण जाणे, डोळे भरून आले. दवाखान्यात आले नव्हते, कार्यालयात आले नव्हते. कांद्याचा वास येणाऱ्या त्या खोलीच्या उंबऱ्यावर आले.

गावात राहणं मला आवडलं, असं लिहिणं सोपं आहे. सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. शिक्षक गावात राहतो हे कळल्यावर सगळं गाव माझ्या खोलीत. कोणाचा जातीचा दाखला, कोणाच्या आधारवरचं चुकलेलं नाव, कोणाचा मोबाईल बंद. रात्री आठपर्यंत अर्ज लिहायचे. मी वैतागून कमलाबाईंना म्हटलं, यांना सांगा, मी आजारी आहे. त्या म्हणाल्या, "पाय आजारी हाये न? लिव्हाले हात लागते."

व्यायाम मात्र सोडला नाही. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, पाय लांब करून बसायचं, पंजाला टॉवेल अडकवून ओढायचं आणि अंगठ्याकडे बघत त्याला वर यायला सांगायचं. तो येत नसला तरी सांगायचं. शाळा सुटली की ओट्यावर सतरंजी टाकून मी हाच उद्योग करायचो. कमलाबाई बाजूला बसून शेंगा सोलायच्या. "जरा शिव्या द्या त्याले," त्या म्हणायच्या. "सरळ सांगून आइकत नाई तो."

वानखडे आता दुसऱ्या एका सरांना मागे बसवून स्वतः चालवत होता. सव्वापाचला तो ओट्यासमोरून जायचा. थांबायचा, पण गाडी बंद करायचा नाही. "हालला?" मी मान हलवायचो, नाही. "हालीन," म्हणून तो निघायचा. अडीच महिने हे चाललं. शेवटी शेवटी तो विचारायचाही बंद झाला, नुसता बघून जायचा. मला तेच जास्त लागायचं. मीही मनातून आशा सोडत आलो होतो. दोन वेगळ्या नंबरांचे बूट आयुष्यभर घ्यायची तयारी करत होतो.

एका बुधवारी वानखडे बघून पुढे गेला आणि कमलाबाई म्हणाल्या, "हालला."

"वारा असेल."

"वाऱ्यानं अंगठा हालते का? पुन्हा करा."

मी केला. अंगठा वर आला. तांदळाचा दाणा आडवा ठेवावा एवढाच, पण आला. सांगितल्यावर आला. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा आला. कमलाबाई ओट्यावरून उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी अशी हाक मारली की पारावरची माणसं उठून उभी राहिली. "ओ वानखडे सर! हालला!"

वानखडे वळून आला. पहिल्यांदाच त्याने गाडी बंद केली, उतरला, माझ्या पायाशी उकिडवा बसला. "कर बरं." मी केला. "आखीन एक डाव कर." मी केला. त्याने तो अंगठा दोन बोटांत धरला आणि तो ढसाढसा रडायला लागला. मागे बसलेल्या नव्या सरांना कळेना काय करावं.

"आठ वर्सं मांगं बसून झोपा काढल्या म्या भाऊ," तो म्हणाला. "एक दिवस हँडल हिसकून घेतलं असतं तुयाजवळून तं..."

"तू मला पाडलं असतंस," मी म्हटलं. तेही खरंच होतं. पण त्याचा हात मी सोडला नाही. त्या दिवशी ते दोघं कमलाबाईंकडे जेवून निघाले.

सहा महिने झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. पाऊल पाचपैकी चार, अंगठा तीन. याच्यावर जाईल असं नाही, म्हणाले. एएफओ निघाला. "गाडी चालवा, पण गावातल्या गावात." मी विचारलं, अपडाऊन? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

शनिवारी अमरावती, सोमवारी पहाटे गाव, असं आता चालू आहे. मी सुधारलो म्हणून राहतो असं कोणी समजू नये. मला त्या रस्त्याची भीती बसली आहे. वर्षा फोनवर विचारते, खोलीचा कंटाळा आला का, आणि मी म्हणतो, आला. सलीमभाईकडे जाऊन माफी मागून आलो. कमलाबाईंचे आभार मानायला गेलो तर त्यांनी माझ्या हातात कोणाचा तरी अर्ज दिला. तुम्हाला एवढंच सांगतो: पाऊल अडखळायला लागलं, चप्पल आपोआप निसटायला लागली, दुखणं अचानक थांबलं, तर मिस्त्रीकडे जाऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तीन आठवडे फार असतात.

डावं पाऊल अजून आपटतं. शाळेच्या व्हरांड्यातून मी चालत येतो तेव्हा फरशीवर फट फट आवाज होतो, तो सातवीच्या वर्गाला लांबूनच ऐकू जातो, आणि मी दारात पोचेपर्यंत सगळी पोरं पुस्तकं उघडून चिडीचूप बसलेली असतात. बावीस वर्षं घसा फोडून मला एवढी शिस्त लावता आली नव्हती.